गावातले व्यसन आणि मनाचे आजार : मंडळांनी काम कसे उभे करावे

बेळगाव तालुक्यात, खानापुरात किंवा निपाणी-चिकोडी पट्ट्यात व्यसनमुक्तीचा विषय निघाला की कामाचा एक ठरलेला साचा समोर येतो. २६ जूनला शाळकरी मुलांची फेरी निघते, चौकात फलक लागतो, एखादे व्याख्यान होते आणि शेवटी सामुदायिक शपथ घेतली जाते. यात वाईट काही नाही, पण ज्या घरात रोज दिवेलागणीला धास्ती सुरू होते त्या घराच्या हाती यातून काही लागत नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत असे दिसले, की दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसला ना कसला उपचार मिळालेला होता. दारू वाईट असते हे उरलेल्या ३७ जणांना पुरते ठाऊक असते. त्यांना दवाखान्यापर्यंत घेऊन जाणारे आणि तिथून परतल्यावर वर्षभर सोबत राहणारे कोणी नसते. गावाने करण्यासारखे काम नेमके हे आहे, आणि ते डॉक्टर किंवा सरकार गावाच्या वतीने करू शकत नाही. ते कसे उभे करावे, याची ही मांडणी आहे.

गट कोणाचा असावा

सर्वप्रथम, या कामासाठी नवी समिती काढू नये. आपल्या गावांत युवक मंडळ, महिला मंडळ, भजनी मंडळ, तालीम, स्त्रीशक्ती संघ, देवस्थान पंच कमिटी आणि दूध सोसायटी हे सगळे आधीच आहे. आणखी एक समिती म्हणजे आणखी एक अध्यक्ष आणि एक उपाध्यक्ष, आणि ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की त्यातून पडणारे दोन तट. त्यापेक्षा असलेल्याच मंडळांतून पाच-सहा माणसे निवडावीत आणि त्यांना कोणतेही पद देऊ नये. त्यांत गावची आशा कार्यकर्ती असावी, अंगणवाडी सेविका किंवा शिक्षिका असावी, भजनी मंडळातला एखादा शांत, कमी बोलणारा ज्येष्ठ असावा आणि दोन-तीन वर्षांपूर्वी दारू सोडून टिकून राहिलेला कोणी तयार असेल तर तो अवश्य असावा. ज्याचे पंचायतीवर लक्ष आहे किंवा जो गावात व्याजाने पैसे देतो, अशा माणसाला या गटात घेऊ नये. त्याच्यापुढे कोणी मन मोकळे करणार नाही.

गटातल्या एकाला कन्नड चांगले लिहिता-वाचता येणे सीमाभागात अत्यावश्यक आहे. सरकारी दवाखान्याचे कागद, अबकारी खात्याकडचा अर्ज आणि पंचायतीच्या पीडीओंशी (पंचायत विकास अधिकाऱ्यांशी) होणारा पत्रव्यवहार कन्नडमध्ये असतो, आणि केवळ मराठीत दिलेला अर्ज बाजूला पडून राहण्याची शक्यता असते. कन्नड माध्यमात शिकलेली किंवा कंपनीत कन्नड सहकाऱ्यांबरोबर काम करणारी मुले आता जवळजवळ प्रत्येक गावात सापडतात. त्यांच्याकडे हे काम द्यावे आणि मराठी प्रत स्वतःजवळ ठेवावी. रुग्णाने डॉक्टरांशी बोलायची भाषा मात्र मराठीच असली पाहिजे. झोप, भीती, संशय, मरणाचे विचार या गोष्टी दुसऱ्या भाषेत धड सांगता येत नाहीत. दवाखान्यात दुभाष्या लागलाच तर तो गटातला असावा. बायकोला किंवा शाळकरी मुलाला मध्ये उभे करून बापाच्या पिण्याचा हिशेब वदवून घेणे दोघांवरही अन्याय करणारे आहे.

गोपनीयतेचा नियम पहिल्याच बैठकीत ठरवावा आणि तो मोडणाऱ्याला गटातून वगळावे. कोणाच्या घरी गेलो, कोणाला दवाखान्यात नेले हे व्हॉट्सअॅपच्या गटावर जाता कामा नये, त्याचा फोटो काढता कामा नये आणि वहीत पूर्ण नाव लिहिता कामा नये. बैठक चावडीत किंवा देवळाच्या सभामंडपात न घेता कोणाच्या तरी घरी घ्यावी.

आधी गाव पाहावे

पहिला महिनाभर कोणालाही उपदेश न करता गटाने फक्त पाहावे : गावात काय प्यायले जाते, ते कुठून येते, कोणत्या दिवशी वाढते आणि पहिला घोट कोणत्या वयात, कोणाच्या हातून मिळतो. सीमाभागात याची उत्तरे गावागणिक बदलतात. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून सारायी (स्वस्त देशी दारू) बंद झाली, पण गोव्यातली दारू कमी करामुळे स्वस्त असल्याने चोर्ला आणि अनमोड घाटांतून ती चोरट्या मार्गाने येत राहते, आणि खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावांना ती बाटली नवी नाही. गोव्यात कामाला असलेली मुले गणपतीला आणि शिमग्याला घरी येतात, तेव्हा बॅगेत काय असते हे गावाला ठाऊक असते. उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांत जाणाऱ्या गावांत पगाराचा दिवस महत्त्वाचा, ऊसपट्ट्यात तोडणीचा हंगाम महत्त्वाचा, आणि बेळगावच्या आसपास महालक्ष्मी यात्रेचे वर्ष असेल तर त्या वर्षाचा हिशेबच वेगळा असतो. पाहुण्यांच्या जेवणावळीसाठी काढलेले कर्ज आणि बाटल्यांचा आग्रह या दोन्ही गोष्टी यात्रेनंतर वर्ष-दोन वर्षे घराला पुरतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीबद्दल वेगळे सांगायला नको. पंधरा-सोळा वर्षांच्या किती पोरांना पहिली बाटली उमेदवाराच्या माणसाकडून मिळते, हे गटाने एकदा मोजून पाहावे.

निपाणीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. ज्या भागाने १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी मोठे आंदोलन केले, ज्या घरांत विड्या वळून मुलांची शिक्षणे झाली, तिथे तंबाखूला शिव्या देणारे व्याख्यान कोणी ऐकून घेणार नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. पिकाचा प्रश्न बाजारपेठेचा आणि धोरणाचा आहे, तो गटाच्या आवाक्यातला नाही. गटाने तोंडात जाणाऱ्या तंबाखूबद्दल बोलावे. विशेषतः बायकांच्या मिश्रीबद्दल बोलावे, कारण मिश्रीला कोणी व्यसन समजत नाही. सकाळी दात घासण्याच्या निमित्ताने सुरू होते, दिवसातून पाच-सहा वेळा हिरड्यांवर फिरू लागते आणि ती न मिळाल्यास डोके दुखते. गरोदरपणातही ती चालूच राहते आणि तिचा बाळाच्या वजनावर परिणाम होतो. हे आशाताईंनी घरातल्या बायकांशी बोलताना सांगितले तर ऐकले जाते. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

पहिले बोलणे

बहुतेक घरांत दारूविषयीचे बोलणे रात्री दहा वाजता, तो पिऊन आल्यावर, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात होते. त्या बोलण्याचा उपयोग शून्य आहे. बोलायचे तर सकाळी, तो शुद्धीवर असताना, एकट्याशी आणि मुलांच्या माघारी बोलावे. शक्यतो दोघांनीच जावे आणि त्यांतला एक त्याच्या ओळखीचा, वयाने मोठा, ज्याला तो काका किंवा अण्णा म्हणतो असा असावा. सुरुवात दारूपासून करू नये. झोप लागते का, जेवण जाते का, सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, कामाचे खाडे किती होतात, असे विचारत जावे. मग सरळ चार गोष्टी विचाराव्यात : दारू कमी करावी असे कधी स्वतःला वाटले का, पिण्यावरून कोणी बोलले की राग येतो का, नंतर स्वतःला दोषी वाटते का, आणि सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का. चारांपैकी दोनांना होकार आला तर डॉक्टरांना दाखवणे योग्य. चौथ्याला होकार आला तर तो पुढे सांगितलेल्या धोक्याच्या वर्गात मोडतो आणि त्याला घरच्या घरी दारू सोडायला लावू नये.

पहिल्या भेटीत बहुतेक जण "मी काय रोज घेत नाही, मनात आणलं तर उद्या सोडतो" असे म्हणतात. वाद घालू नये. "बरं अण्णा, मग पुढच्या आठवड्यात आम्ही परत येतो, तोवर किती झाली तेवढं फक्त लक्षात ठेवा" एवढे म्हणून उठावे आणि सांगितलेल्या दिवशी खरोखर परत जावे. तिसऱ्या-चौथ्या भेटीत माणूस स्वतःहून बोलू लागतो, असे या कामातल्या अनुभवी लोकांचे म्हणणे आहे, आणि त्याचे कारण साधे आहे : त्याच्याकडे परत परत येणारे, पैसे न मागणारे आणि शिव्या न देणारे दुसरे कोणी नसते.

घरातल्या बाईशी वेगळे बोलावे. तिच्या वागण्यामुळे तो पितो, हे सासरचे म्हणणे तिने इतके ऐकलेले असते की तिचाही त्यावर विश्वास बसू लागतो. तिला झोप लागते का, मारहाण होते का, जायला जागा आहे का हे विचारावे. मारहाण होत असेल तर १८१ ही महिला मदतवाहिनी आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक तिच्याकडे असावेत. नवरा दारू सोडेपर्यंत तिने थांबावे, अशी अट कोणीही घालू नये.

एसटी स्टँडच्या भिंतींवर "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती चिकटवलेल्या दिसतात. अशी पूड भाजीत किंवा चहात मिसळून देणाऱ्या बायका बेजार होऊन ते करतात, हे समजण्यासारखे आहे. पण अशा पुडीत पुष्कळदा डायसल्फिरामसारखे औषध असण्याची शक्यता असते. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब एकदम खाली येतो आणि माणूस दगावूही शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाला पूर्ण माहिती देऊन, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून. चोरून देण्यासाठी ते नाही, ही एक गोष्ट महिला मंडळाच्या प्रत्येक बैठकीत सांगितली तरी कमीच आहे.

पहिला आठवडा

या मजकुरातला सर्वांत काळजीपूर्वक वाचण्याचा भाग हा आहे, कारण चांगल्या हेतूने केलेल्या घाईत माणसे इथेच दगावतात. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने माळ घातली, देवाला हात लावला किंवा मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि त्याच दिवशी दारू पूर्ण बंद केली, तर त्याचे शरीर ते सहज सहन करत नाही. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, मळमळते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटका म्हणजे फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो : माणसाला अंगावर किडे फिरताना दिसतात, मेलेला भाऊ दारात उभा दिसतो, तो वेळ-काळ विसरतो, ताप चढतो. घरच्यांना ही बाहेरची बाधा वाटते आणि अंगारा लावण्यात रात्र जाते. प्रत्यक्षात ही दारू तुटल्याची अवस्था असते आणि उपचार न मिळाल्यास ती जिवावर बेतते.

म्हणून नियम असा असावा की सकाळी उठल्यावर घ्यावी लागणारा, पूर्वी कधी दारू बंद केल्यावर झटका आलेला, कावीळ झालेला किंवा साठी ओलांडलेला माणूस दारू सोडणार असेल तर आधी दवाखाना आणि मग शपथ. पंढरीची माळ त्याने अवश्य घालावी. माळेने पुष्कळांना टिकवून धरले आहे. फक्त ती दवाखान्यातून परत आल्यावर घालावी. मद्यवर्जन शिबिरांनाही हेच लागू आहे. श्री क्षेत्र धर्मस्थळ ग्रामाभिवृद्धी योजनेतर्फे कर्नाटकात गावोगाव होणाऱ्या शिबिरांचा अनेक कुटुंबांना आधार झालेला आहे. आपल्या गावातून कोणी जाणार असेल तर आधी डॉक्टरांची तपासणी करून घ्यावी आणि मराठी बोलणारा स्वयंसेवक मिळेल का, हे शिबिराच्या संयोजकांना विचारून ठेवावे.

गावातल्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून सलाईन लावण्याची पद्धत आहे. तिथे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे की हा माणूस इतकी वर्षे, रोज इतकी पीत होता आणि शेवटची अमुक वेळी घेतली. दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व फार कमी झालेले असते, आणि ते न देता नुसते ग्लुकोज दिल्यास मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. डॉक्टरांना हे ठाऊक असते. दारूची गोष्ट लाजेने लपवली जाते म्हणून घोटाळा होतो. झटका, भास, असंबद्ध बोलणे, तीव्र ताप किंवा सतत उलट्या यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी थांबू नये. गटाने गावातल्या दोन गाडीवाल्यांशी आधीच बोलून ठेवावे आणि डिझेलचे पैसे गणेशोत्सवाच्या वर्गणीतून बाजूला काढून ठेवावेत. मिरवणुकीच्या आवाजावर होणाऱ्या खर्चाशी तुलना केली तर ही रक्कम किरकोळच ठरेल.

कुठे न्यावे, काय विचारावे

बेळगावचे जिल्हा रुग्णालय आणि त्याच्याशी जोडलेले बिम्स हे वैद्यकीय महाविद्यालय ही सरकारी व्यवस्था पहिली पायरी आहे. तिथे मानसोपचार विभाग आहे. त्यापुढे धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे आणि अवघड प्रकरणांत बेंगळुरूची निम्हान्स. तालुका रुग्णालयात ठरलेल्या मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येण्याची व्यवस्था कर्नाटकात 'मनोचैतन्य' कार्यक्रमाखाली सुरू झाली. आपल्या तालुक्यात सध्या कोणता दिवस आहे, हे आशाताईंमार्फत विचारून घेऊन मगच रुग्णाला न्यावे, नाहीतर एक खेप फुकट जाते आणि दुसऱ्यांदा तो येत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा देशभर स्वीकारला गेलेला नमुना मुळात याच राज्यातल्या बळ्ळारीत घडला, तेव्हा ही सेवा मागणे हा आपला हक्क आहे, कोणाचे उपकार नाहीत.

घरबसल्या बोलण्यासाठी १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो चोवीस तास मोफत चालू आहे आणि त्यावर भाषा निवडता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा स्वतंत्र राष्ट्रीय क्रमांक आहे. हे दोन क्रमांक दूध सोसायटीच्या भिंतीवर, रेशन दुकानात आणि पिठाच्या गिरणीत मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवावेत. चौकातला फलक दोन महिन्यांत फाटतो.

मराठी घरांचा ओढा पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राकडे असतो, आणि १९८६ पासून काम करणाऱ्या त्या संस्थेचे नाव प्रत्येकाने ऐकलेले असते. तिकडे जाण्यात गैर काही नाही, पण परत आल्यावरचा पाठपुरावा कोण करणार हे आधी ठरवून जावे. जवळपासच्या खासगी केंद्रात ठेवायचे असेल तर चार प्रश्न विचारावेत : राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, घरच्यांना भेटता येते का आणि रुग्णाची संमती कशी घेतली जाते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार कोणालाही साखळीने बांधता येत नाही, आणि दारू-अमली पदार्थांमुळे होणारे मनोविकार या कायद्याच्या कक्षेत येतात. "महिनाभर कोंडून ठेवतो, सरळ करून देतो" असे सांगणाऱ्याच्या दारातून परत फिरावे.

गांजा किंवा गोळ्यांच्या बाबतीत घरच्यांना पोलिसांची धास्ती असते. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा आहे, आणि त्याच्या कलम ६४-अ मध्ये अशी सोय आहे की सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगल्याच्या आरोपातील व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ लागली तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढूनही घेतले जाते. हे वकिलाकडून नीट समजून घेऊन कुटुंबाला सांगावे.

मन खचलेला माणूस

प्रत्येक खचलेला माणूस पीत नाही. अवकाळी पावसात भात आडवे झालेला शेतकरी, सूत महागल्याने माग बंद ठेवणारा विणकर, बाळंतपणानंतर गप्प गप्प राहणारी सून, नोकरीच्या परीक्षांत वय निघून चाललेला मुलगा यांच्याकडे गटाचे लक्ष असावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडणे, जेवण तुटणे, लोकांत मिसळणे बंद होणे, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असे बोलणे, अचानक वस्तू वाटून टाकणे किंवा देणी-घेणी लिहून ठेवणे ही लक्षणे दिसली तर जवळच्या माणसाने थेट विचारावे : "जीव द्यावा असं मनात येतं का?" असे विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे, उलट विचारल्यावर माणूस मोकळा होतो. होकार आला तर त्याला एकटे सोडू नये, १४४१६ वर त्याच्यासमोरच फोन लावावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

शेतीच्या घरांत आणखी एक काम तातडीचे आहे. कीटकनाशक आणि तणनाशक पडवीत, चुलीजवळच्या फळीवर किंवा खाटेखाली ठेवले जाते. जीव देण्याची तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळापुरती असते, आणि त्या वेळी बाटली हाताशी नसली तर माणूस वाचू शकतो. औषधे घरापासून दूर, शेतातल्या खोलीत कुलूप लावून ठेवावीत, किल्ली एकाच माणसाकडे नसावी, आणि उरलेले औषध घरी परत आणू नये. कोणी विष प्याले तर ओकारी काढण्यात वेळ न घालवता डब्यासकट दवाखाना गाठावा. २०१७ च्या कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, त्यामुळे केसच्या भीतीने दवाखाना टाळू नये.

देवऋषींशी भांडण काढू नये. लोक आधी त्यांच्याकडेच जाणार आहेत. गटातल्या ज्येष्ठाने त्यांच्याकडे जाऊन एवढेच मागावे, की झटके, भास किंवा मरणाची भाषा असेल तर "अंगारा घ्या आणि दवाखान्यातही जा" असे त्यांनी सांगावे. बहुतेक जण हे मान्य करतात.

परत आल्यावरचे वर्ष

दवाखान्यातून आलेल्या माणसाचा मंडळाने सत्कार करू नये. शाल-श्रीफळ, टाळ्या, भाषण झाले आणि दोन महिन्यांनी पाय घसरला तर तो तोंड दाखवायला तयार होत नाही आणि गटाकडेही परत येत नाही. त्याला हवी असते संध्याकाळची सोय. सहा ते नऊ हे तीन तास जिथे जात होते त्या जागी दुसरे काहीतरी असावे लागते : भजनाला टाळ धरणे, तालमीत पोरांना डाव शिकवणे, सोसायटीत दूध मोजणे. पगाराच्या दिवशी एकाने बसस्टॉपपासून त्याच्याबरोबर चालत यावे. पैसे काही महिने बायकोच्या खात्यात जमा होतील असे त्याच्याच संमतीने ठरवावे. जुने मित्र कट्ट्यावरून हाक मारतात, "काय करूलास रे, आमच्यात आता बसत न्हाईस?" आणि या एका वाक्यात किती ओढ असते, हे ज्याने सोडली त्यालाच कळते. अशा वेळी काय उत्तर द्यायचे, याची त्याच्याबरोबर आधी तयारी करून ठेवावी. "डॉक्टरांची गोळी चालू आहे" हे उत्तर बहुतेक ठिकाणी चालते.

पुन्हा प्यायला तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावे, कुठे आणि कोणाबरोबर झाले एवढे विचारावे आणि डॉक्टरांची तारीख ठरवावी. पुन्हा पिणे या आजारात नेहमीचे आहे. त्यावरून गटाने खचून जाऊ नये आणि घरच्यांना "आम्ही सांगितलं होतं" असे म्हणू नये. महिन्यातून एकदा सोडलेल्यांची आणि वेगळ्या दिवशी त्यांच्या घरातल्यांची बैठक झाली तर पुरे.

मुले, दुकाने आणि कायदा

कर्करोगाची भयानक चित्रे दाखवणाऱ्या व्याख्यानांनी मुले घाबरतात आणि आठवड्यात विसरतात. नुसती माहिती आणि भीती यांपेक्षा नकार देण्याचा सराव अधिक उपयोगी पडतो, असे प्रतिबंधाच्या क्षेत्रातले संशोधन सांगते. आठवी-नववीच्या वर्गात मुलांकडूनच छोटे प्रसंग करून घ्यावेत. विसर्जनाची रात्र, मामाचा मोठा मुलगा, हातात ग्लास, "एक घोट घे की रे, काय होत न्हाई". आता काय म्हणशील? पोरे हसतात, मग उत्तरे शोधतात, आणि ती उत्तरे मोठ्यांनी दिलेल्या उत्तरांपेक्षा चांगली असतात. २०१९ च्या त्याच पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर मुलांत १.१७ टक्के आढळले, म्हणून चिकटवण्याचे द्रव्य आणि व्हाइटनर विकणाऱ्या दुकानदारांशीही बोलावे.

दारूच्या दुकानाबाबत एक गैरसमज सीमाभागात हमखास आढळतो. चंदगड-गडहिंग्लजच्या पाहुण्यांकडून ऐकलेले असते, की बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली. ती तरतूद महाराष्ट्राची आहे. कर्नाटकातल्या गावात ती लागू होत नाही, आणि त्या भरवशावर मोर्चा काढला तर पदरी निराशा येते. इथे वेगळ्या वाटा आहेत. शाळा, दवाखाना आणि धार्मिक स्थळ यांपासून १०० मीटरच्या आत दुकानाला परवाना देता येत नाही, तेव्हा नवे दुकान येणार असल्याची कुणकुण लागताच अंतर मोजून, नकाशासह हरकत नोंदवावी आणि ग्रामसभेचा ठराव जोडावा. किराणा दुकानात किंवा टपरीवर चोरून होणारी विक्री हा वेगळा गुन्हा आहे आणि गावाचे खरे नुकसान तिथेच होते, कारण तिथे उधारी चालते.

तंबाखूविषयी २०२५ मध्ये लागू झालेल्या कर्नाटकातील दुरुस्तीनुसार २१ वर्षांखालील व्यक्तीला विक्री करता येत नाही, आणि शाळा-महाविद्यालयाच्या १०० मीटर परिसरात विक्रीला बंदी आहे. गुटख्यावर २०१३ पासून बंदी आहे, तरी मसाला आणि तंबाखू अशा दोन पुड्या जोडीने विकल्या जातात. अल्पवयीनाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. टपरीवाल्याला हे एकदा शांतपणे सांगितले तरी पुष्कळदा काम होते. गांजा किंवा गोळ्या विकणाऱ्याला पोरांनी पकडायला किंवा मारायला जाऊ नये. १९३३ या अमली पदार्थविरोधी राष्ट्रीय क्रमांकावर नाव न सांगताही माहिती देता येते.

तक्रार अबकारी निरीक्षकांकडे कन्नडमध्ये लेखी द्यावी, पाच-सात महिलांच्या सह्या घ्याव्यात, जागा आणि वेळ नेमकी लिहावी, शिक्का मारलेली पोच घ्यावी आणि एक प्रत तहसीलदारांना पाठवावी. महिन्याभरात काही झाले नाही तर तीच पोच जोडून उपायुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्यावा. यात्रा, गणेश विसर्जन आणि निवडणुकीच्या आधी पंधरा दिवस असा अर्ज गेला तर त्याची दखल घेतली जाण्याची शक्यता अधिक असते.